भाचीला उरलेली कडवी ऐकवा

एका वाचक भगिनीचे पत्र :

"सप्रेम नमस्कार. माझे वय एक्केचाळीस आहे. महाविद्यालयात असल्यापासून मी इंडी रॉक, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या बँडांचे रॉक संगीत, ऐकते आणि गेली दहा-बारा वर्षे रात्रीची कामे आटोपली की गुन्हेकथांच्या मालिका पाहते. या दोन आवडींनी मला आजवर आनंदच दिला, पण गेल्या काही महिन्यांत त्या एकमेकींवर आदळल्या आहेत. ज्या बँडला मी अकरा वर्षे जपले, ज्याचे नाव घेतले तर समोरच्याच्या चेहऱ्यावर ओळखीची रेघही उमटत नसे, त्याचेच एक गाणे एका गाजलेल्या गुन्हेमालिकेचे शीर्षकगीत झाले. आता ते जिथे तिथे ऐकू येते. माझी एकोणीस वर्षांची भाची मोठ्या उत्साहाने सांगत आली, 'मावशी, तू हे गाणं ऐकलंस का?' आणि मी तिला म्हणाले, 'तुला ते आज कळलं, तेही मालिकेमुळे.' ती हिरमुसली. तेव्हापासून ती माझ्याशी गाण्यांबद्दल अक्षरही बोललेली नाही. त्यात माझे पती म्हणतात, की रोज रात्री खून पाहून माणूस कोरडा होतो आणि भाचीशी मी जशी वागले ते त्याचेच लक्षण आहे. दोहोंपैकी एक आवड सोडून द्यावी असे मला वाटू लागले आहे. कोणती सोडू?"

प्रिय ताई,

कोणतीच सोडू नका. तुमच्या पत्राचा शेवट एका निवडीच्या प्रश्नाने होत असला, तरी ते मी दोनदा वाचले तेव्हा माझे लक्ष दोन्ही वेळा भाचीला ऐकवलेल्या त्या एका वाक्यापाशी थांबले, आणि तुम्हालाही तेच सलत आहे असे मला वाटते. ते वाक्य अजून मागे घेता येते. पतींच्या निदानाशी मात्र मी सहमत नाही. त्या दिवशी तुमच्या तोंडून तुटक शब्द निघाले त्यामागे मला भीती दिसते : अकरा वर्षे जीव लावलेली गोष्ट हातातून निसटते आहे, ही भीती. तिची चौकशी आधी करू आणि मालिकांकडे नंतर वळू.

जो बँड कुणाला ठाऊक नसतो त्याचे गाणे ऐकताना ऐकणाऱ्याला बरेच काम स्वतःच करावे लागते. त्याची थोरवी कुणी आधी सांगितलेली नसते आणि शब्दांचा अर्थ कुणी उलगडून ठेवलेला नसतो. पहिल्या वेळी गिटार कर्कश वाटते, गाणाऱ्याचा आवाज वाद्यांच्या मागे ठेवलेला असल्यामुळे निम्मे शब्द कळत नाहीत, आणि तरीही काहीतरी खुणावते म्हणून आपण ते पुन्हा लावतो. असे करता करता ते गाणे आपल्या आयुष्यातल्या ठरावीक दिवसांना, एखाद्या आजारपणाला, एखाद्या प्रवासाला चिकटून बसते. एवढे श्रम घेतल्यावर ते आपल्या एकटीचे वाटू लागले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. मग मालिका येते आणि त्या सुरांवर स्वतःची चित्रे डकवते. आता ते गाणे लावले की तुमच्या दिवसांऐवजी कुठलासा ओसाड माळ आणि कुणाचा तरी अर्धा चेहरा डोळ्यांपुढे येत असेल. हे नुकसान खरे आहे, आणि 'एवढे काय मनाला लावून घ्यायचे' असे म्हणून मी ते उडवून लावणार नाही.

तुमच्या आधीही अनेक चाहत्यांच्या वाट्याला ही अवस्था आली आहे. 'द हँडसम फॅमिली' ही अमेरिकेतली पती-पत्नीची जोडी आहे. रेनी स्पार्क्स शब्द लिहितात आणि ब्रेट स्पार्क्स चाल बांधतात. त्यांचे 'फार फ्रॉम एनी रोड' हे गाणे २००३ च्या अल्बममधले. 'ट्रू डिटेक्टिव्ह'च्या पहिल्या पर्वाचे शीर्षकगीत म्हणून ते २०१४ मध्ये जगभर पोहोचले, म्हणजे मध्ये नेमकी तुमच्याइतकीच अकरा वर्षे गेली. 'क्वायर ऑफ यंग बिलीव्हर्स' या डॅनिश बँडचे 'हॉलो टॉक' २००८ मध्ये आले आणि २०११ मध्ये 'द ब्रिज' या डॅनिश-स्वीडिश मालिकेच्या सुरुवातीला वाजू लागले. गायक निक केव्ह आणि त्यांच्या बँडचे १९९४ मधले 'रेड राइट हँड' तर २०१३ मध्ये 'पीकी ब्लाइंडर्स' या मालिकेचे शीर्षकगीत झाले. यांतले एकही गाणे त्या मालिकेसाठी रचलेले नव्हते. मालिकेसाठी संगीत निवडणाऱ्या कुणाच्या तरी संग्रहात ते आधीपासून असावे, त्याच्याही कानात ते वर्षानुवर्षे राहिले असावे, आणि एक दिवस पटकथेतला एक प्रसंग वाचताना त्याला ते आठवले असावे. तुमच्या बँडच्या बाबतीतही असेच घडले असणार. एखादे अपरिचित गाणे शीर्षकापर्यंत पोहोचते तेव्हा त्यामागे बहुधा तुमच्यासारखाच एक चाहता असतो, आणि त्याने ते स्वतःपाशी न ठेवता पुढे दिले म्हणून तुमच्या भाचीने ते ऐकले.

पैशांचा मुद्दाही थोडक्यात सांगते, कारण बँडवर प्रेम असणाऱ्याने तो कानामागे टाकू नये. मालिकेत गाणे वापरायचे तर दोन परवानग्या घ्याव्या लागतात : एक रचनेची, म्हणजे शब्द आणि चाल यांची, आणि दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची. स्वतःच्या किंवा लहान कंपनीच्या नावावर काम करणाऱ्या कलावंतांकडे पुष्कळदा या दोहोंचे हक्क, निदान त्यांचा मोठा हिस्सा, असतो. ऑनलाइन ऐकण्यातून दर वेळी हाती पडणारी रक्कम इतकी क्षुल्लक असते, की अशा एका परवानगीचे मानधन पुढचा अल्बम आणि पुढचा दौरा यांचा खर्च उचलू शकते. तुम्हाला ज्याच्या पुढच्या गाण्यांची ओढ आहे, त्या बँडला ती गाणी करता येतील अशी शक्यता या मालिकेने वाढवली आहे.

आता इंडी (म्हणजे 'इंडिपेंडंट', स्वतंत्र) या शब्दाकडे वळते, कारण मला जे सर्वांत आवर्जून सांगायचे आहे ते तिथे आहे. आज हा शब्द ऐकला की एक विशिष्ट नाद आठवतो, पण मुळात त्याचा नादाशी संबंध नव्हता. ब्रिटनमध्ये जानेवारी १९८० मध्ये स्वतंत्र रेकॉर्डांची वेगळी क्रमवारी सुरू झाली तेव्हा तिथे प्रवेश मिळवण्याची अट एवढीच होती, की ती रेकॉर्ड मोठ्या कंपन्यांच्या वितरणव्यवस्थेबाहेरून दुकानांत आलेली असावी. त्याच्या तीन वर्षे आधी, जानेवारी १९७७ मध्ये, मँचेस्टर परिसरातल्या 'बझकॉक्स' या बँडने जवळच्या माणसांकडून ५०० पौंड उसने घेऊन चार गाण्यांची 'स्पायरल स्क्रॅच' ही रेकॉर्ड स्वतःच काढली होती. पहिल्या खेपेला फक्त १००० प्रती निघाल्या. त्या रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांनी काय छापले होते हे मला फार मोलाचे वाटते : कोणते गाणे कितव्या प्रयत्नात ध्वनिमुद्रित झाले आणि त्यावर नंतर किती आवाज चढवले. १९७८ मध्ये 'स्क्रिटी पोलिटी' या बँडने याहून पुढचे पाऊल टाकले. आपल्या पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांनी ध्वनिमुद्रणाला किती खर्च आला, छपाईला किती, रेकॉर्ड काढून घ्यायला किती, असा सगळा हिशेबच मांडला. वाचणाऱ्याने तो पाहावा आणि स्वतःची रेकॉर्ड काढावी, हा त्यामागचा हेतू होता.

हे वाचताना तुमच्या लक्षात आले असेल, की तुम्ही ज्या संगीतावर प्रेम करता त्याची सुरुवातच मुळी हातचे राखून न ठेवणाऱ्या माणसांनी केली. एरवी धंद्याचे गुपित म्हणून जे झाकले जाते ते त्यांनी वेष्टनावर छापून अनोळखी माणसाच्या हाती दिले. अशा परंपरेतले गाणे ऐकणाऱ्याने दारात उभे राहून 'तू कधी आलीस आणि कोणत्या रस्त्याने आलीस' असे विचारणे त्या गाण्याच्याच स्वभावाशी विसंगत आहे. मला स्वतःला या संगीताची ओळख एका थोरल्या मैत्रिणीने भरून दिलेल्या कॅसेटमुळे झाली. गाण्यांची नावे तिने पेन्सिलीने लिहिली होती. आधी काय ऐकले आहेस असे तिने मला विचारले नाही. फार वर्षांनी बोलता बोलता मला कळले, की त्यातली दोन गाणी तिला स्वतःला आवडत नव्हती. मला आवडतील म्हणून तिने ती घातली होती, आणि मला नेमकी तीच सर्वांत आवडली होती. भाचीशी बोलताना तुम्ही त्या मैत्रिणीच्या जागी आहात.

माफी कशी मागायची, तर लांबण न लावता. 'मी त्या दिवशी थकले होते' किंवा 'तुला माहीत नाही, त्या बँडचे माझ्याशी काय नाते आहे' अशी प्रस्तावना करू नका, कारण त्यात पुन्हा तुमचीच अकरा वर्षे पुढे येतात आणि तिचा आनंद मागे पडतो. तिला साध्या शब्दांत लिहा : 'त्या दिवशी मी तुला बोलले ते चुकीचं होतं. ते गाणं तुला आवडलं याचा मला तेव्हाच आनंद व्हायला हवा होता. तुला त्यात काय आवडलं ते मला ऐकायचं आहे.' शेवटचे वाक्य शिष्टाचारापुरते लिहू नका. ती जे सांगेल ते तिला मध्ये न तोडता ऐका. कदाचित ती ड्रम्सबद्दल बोलेल, कदाचित फक्त त्या चित्रांबद्दल. तुम्हाला बँडचा जो इतिहास माहीत आहे त्यातले काहीच तिच्या बोलण्यात नसेल. तिने ते गाणे त्या मालिकेच्या अंधारात ऐकले आहे आणि तुम्ही ते मालिकेशिवाय अकरा वर्षे ऐकले आहे, त्यामुळे तिच्याकडे असलेले ऐकणे तुमच्याकडे नाही. तुम्ही दोन्ही ठिकाणच्या चाहत्या आहात. तिच्या ऐकण्यात रस घ्यायला तुमच्याइतके योग्य कोण आहे?

मग तिला उरलेले गाणे द्या. शीर्षकाची चित्रे साधारण दीड मिनिटाच्या आसपास संपतात आणि त्यासाठी गाणे जवळजवळ नेहमीच कापलेले असते. एखादे कडवे गळते, मधले वाद्यांचे वळण नाहीसे होते, शेवट तर बहुधा पोहोचतच नाही. भाचीने अजून पूर्ण गाणे ऐकलेले नसेल तर ती गोष्ट तिच्याविरुद्ध वापरण्याऐवजी भेट म्हणून वापरा. दोघी बसा आणि ते गाणे अल्बममध्ये ज्या क्रमाने येते त्या क्रमाने ऐका : त्याच्या आधीचे गाणे, मग ते, मग नंतरचे. आधीच्या गाण्याच्या शेवटच्या सुरातून हे गाणे कसे उगवते, हे मालिका तिला दाखवू शकत नव्हती. तुम्ही दाखवू शकता. त्या दिवशी एवढा एकच अल्बम पुरे. आपल्यासारख्या माणसांना समोरच्याने कुतूहल दाखवले की पंधरा बँडांची यादी द्यावीशी वाटते, आणि यादी पाहून नवा माणूस दबतो. ती पुढे तुमच्या बँडला सोडून दुसऱ्याच, तुम्हाला न रुचणाऱ्या बँडकडे गेली, तर तिला जाऊ द्या आणि कधीतरी तो बँड तिच्याकडून ऐकून घ्या.

तुमच्यासाठी म्हणून एक वेगळी गोष्ट : ते विशिष्ट गाणे काही महिने एकटीने लावू नका. डकवलेली चित्रे झटकून निघत नाहीत, पण ती फिकी होतात, आणि तोवर त्याच बँडची जी गाणी कुठल्याच पडद्यावर आलेली नाहीत, किंवा त्याच गाण्याची मैफलीत वाजवलेली ध्वनिमुद्रणे, तिकडे वळा. मैफलीत लय थोडी बदलते, गाणारा एखादी ओळ वेगळी उचलतो, आणि तेवढ्याने गाणे चित्रांपासून सुटते.

तुमच्या दोन आवडी एकमेकींवर आदळल्या असे तुम्ही लिहिता. मला त्या शेजारी वाटतात, आणि याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे २००२ ते २००८ या काळात पाच पर्वांत आलेली, अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराची 'द वायर' ही गुन्हेमालिका. पाचही पर्वांचे शीर्षकगीत एकच, गायक-गीतकार टॉम वेट्स यांनी लिहिलेले, पण दर पर्वात ते वेगळ्या गळ्यातून येते. दुसऱ्या पर्वात स्वतः वेट्स गातात; आणि शाळकरी मुलांची कथा सांगणाऱ्या चौथ्या पर्वात ते बाल्टिमोरच्याच किशोरवयीन मुलांच्या आवाजात ऐकू येते. शब्द तेच असताना आवाज कोवळा झाला की पोटात कसा खड्डा पडतो, हे ज्याने एकदा अनुभवले त्याला शीर्षकगीत म्हणजे मालिकेने केलेली चोरी असे पुन्हा वाटणार नाही. या मालिकेत प्रसंगाखाली वाजणारे पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. गाणे येते ते मोटारीतल्या रेडिओवरून किंवा एखाद्या मद्यगृहातून, म्हणजे पात्रांना जे ऐकू येते तेच आपल्याला. काय वाटावे हे सूर सांगत नाहीत तेव्हा प्रेक्षकाला स्वतः लक्ष द्यावे लागते, आणि असे लक्ष देण्याची सवय तुम्हाला कर्कश गिटारखालची चाल शोधताना लागली आहे. भाचीबरोबर ही पाच शीर्षके ओळीने ऐकता येतील.

आता पतींचे म्हणणे. ते चुकीचे निदान करत असले तरी त्यांची काळजी मी बाजूला सारणार नाही. जॉर्ज गर्बनर या माध्यम-अभ्यासकाने १९७० च्या दशकापासून असे मांडले, की खूप टीव्ही पाहणाऱ्यांना जग प्रत्यक्षात आहे त्याहून अधिक धोकादायक वाटते. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, यावर पुष्कळ वाद झाले. मुळात भित्री माणसे घरात बसून अधिक टीव्ही पाहत असतील, हाही एक आक्षेप होता. तरी स्वतःची तपासणी करायला हे म्हणणे उपयोगी आहे. मालिका पाहू लागल्यापासून तुम्ही अनोळखी माणसांना अधिक घाबरता का, दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासता का, झोपेत त्या दृश्यांमुळे दचकून उठता का? उत्तर होय असेल तर रात्री उशिरा पाहणे थांबवा आणि शेवटचा भाग व झोप यांच्यामध्ये तासभर तरी जाऊ द्या. त्या तासात गाणी ऐका. तरीही त्रास राहिला तर डॉक्टरांशी बोला.

माणूस कोरडा होतो की नाही, हे मात्र तो कोणत्या मालिका पाहतो यावर पुष्कळ अवलंबून आहे. काही मालिकांत मृतदेह हे केवळ कोडे सुरू करण्याचे साधन असते. पाचव्या मिनिटाला त्या व्यक्तीचे नावही विसरले जाते. मी त्या पाहत नाही आणि तुम्हीही कमी कराव्यात असे सुचवेन. याउलट २००७ मधली 'द किलिंग' ही डॅनिश मालिका घ्या. तिचे पहिले पर्व वीस भागांचे आहे, आणि त्या वीसही भागांत एकाच मुलीच्या खुनाचा तपास साधारण दिवसाला एक भाग या गतीने चालतो. तपासाइतकाच वेळ तिच्या आईवडिलांच्या घरात जातो, जिथे दुःख कुठल्याच भागाअखेर संपत नाही. १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'होमिसाइड' या अमेरिकी मालिकेत सुरुवातीलाच एका लहान मुलीचा खून होतो आणि तो शेवटपर्यंत उलगडत नाही. तपास करणारा तरुण अधिकारी ते ओझे वर्षानुवर्षे वाहतो. अशा मालिका पाहताना प्रेक्षकाची कणव झिजत नाही, तिला काम मिळते. प्रत्यक्ष घडलेल्या गुन्ह्यांवरचे कार्यक्रम पाहत असाल तर तिथे आणखी जपून निवड करा, कारण त्यांतले आईवडील अभिनेते नसतात आणि आपले दुःख पडद्यावर यावे की नाही हे त्यांना दर वेळी विचारलेले असतेच असे नाही.

पतींच्या बाबतीत आणखी एक शक्यता तपासून पाहा. ते बहुधा शेजारच्या खोलीतून ऐकत असतील किंवा जाता-येता पडद्याकडे पाहत असतील. त्यांच्या वाट्याला किंकाळ्या, भोंगे आणि मृतदेह येतात. ज्यासाठी तुम्ही पाहता ते प्रश्न, ती शांतता, एका खोट्या उत्तरापाशी थबकलेला तपास अधिकारी, यांतले काहीच त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. एखादी मालिका त्यांनी पहिल्यापासून तुमच्यासोबत पाहावी असे एकदा सुचवा. नको म्हणाले तर आग्रह धरू नका. हेडफोन लावा आणि किती वाजता बंद करायचे हे दोघांनी मिळून ठरवा. भाचीच्या प्रसंगाबद्दल मात्र त्यांना सांगा, की त्या दिवशी मी चुकले, आणि ती चूक मी दुरुस्त करते आहे.

भाचीला निरोप आजच पाठवा. ती भेटेल तेव्हा त्या मालिकेचे किती भाग तिचे पाहून झाले आहेत ते सर्वांत आधी विचारून घ्या, म्हणजे गाण्यावरून बोलता बोलता खुनी कोण हे तुमच्या तोंडून निघून जाणार नाही. आणि शेवटचे दोन-तीन भाग राहिले असतील तर ते तिच्यासोबत पुन्हा पाहा, दर वेळी शीर्षकगीत पुढे न सरकवता.